डावा कान

नऊ हजार दोनशे. रबर लावलेले, बेदाण्याच्या वासाचे.
शिफानं काउंटरवर ठेवले आणि म्हणाली,
"काका, एवढ्यात डीजे बसंल का?"
प्रज्योत मागं उभा, चपलेनं फरशी उकरत.
दोघंही नववीत.

म्हटलं, इकडून बोल. या बाजूनं.
डावा गेलाय माझा.
मगदूम साऊंड सर्व्हिस, तासगाव:
एकवीस वर्षं उभा होतो डॉल्बीच्या भिंतीला डावी बाजू देऊन,
मिरवणूक पुढं, मी ट्रॅक्टरवर.

भिंतीकडं बघायचं नाही, पहिलं हे सांगितलं.
भिंत म्हणजे डिझेल, जनरेटरचं भाडं
आणि रात्री दहाला ठाण्यातून फोन.
लाइट नकोत. धूर तर नकोच.
प्रज्योतचा चेहरा पडला. धुरावर त्याचा जीव होता.

शनिवारी सांगलीला गेलो, सकाळच्या एसटीनं.
कवलापुरात एक बाई गाजराचं पोतं घेऊन चढली,
ते आमच्या तिघांच्या पायांवर टेकलं.
शिफा मोबाईलवर नवा माल दाखवत होती,
काळा, चकचकीत, सोळा-सोळा बटणांचा, बावीस हजार.
चांगलाय, म्हटलं. वरातीतल्या घोड्यासारखा.
पण रोज त्याला घालणार काय?

गणपती पेठेच्या मागं, बोळात, जुन्या मालाचं दुकान.
दोन चॅनेलचा कंट्रोलर, एका चाकाला तडा.
दुकानदार म्हणाला, अकरा.
मी त्याच्याच लॅपटॉपला जोडायला लावला,
फेडर पार एका टोकाला नेला.
आता दुसरीकडचं गाणं थेंबभरही गळता कामा नये.
"ऐक गं, गळतंय का? तुझे कान कोरे आहेत."
तिनं डोळे मिटून ऐकलं. मान हलवली. नाही.
वायर हलवून बघितली. हेडफोनची खाच दोनदा.
मग स्लायडरच्या फटीत नख घातलं
आणि नख गुलाबी झालं.

कुठल्या गावचा गुलाल? दुकानदारानं खांदे उडवले.
कुणीतरी यावर गाव नाचवलं होतं, आणि मग विकला.
का, ते आम्ही तिघांनीही विचारलं नाही.

तडा दाखवून दाखवून सहा हजार आठशेवर आणला.
एकोणीसशेचे हेडफोन, कान पुरता झाकणारे.
स्पीकर शिफाच्या घरच्या टीव्हीचे.
लॅपटॉप प्रज्योतच्या ताईचा,
स्पर्धा परीक्षेच्या नोट्स पुसायच्या नाहीत या अटीवर.

दुकानात आणून स्पिरिट आणि टूथब्रशनं घासला.
आवाजाच्या बटणाशेजारी पांढऱ्या रंगाची खूण केली:
याच्या पुढं नाही. कधीच नाही.
मग सांगितलं, एक कान आत, एक बाहेर.
बाहेरच्या कानात चाललेलं गाणं,
आतल्या कानात यायचं असलेलं.
ठोके जुळले की हळूच सरकवायचं,
नाचणाऱ्याला कळता कामा नये
कुठं एक संपलं, कुठं दुसरं लागलं.

"दाखवा की, काका."
हेडफोन चढवला. सवयीनं डाव्या कानावर.
पुढचं गाणं मी तिथंच ठेवायचो.
पडद्यावर हिरव्या लाटा हलत होत्या.
"आलं का?"

उलटा करून घातला. मग पुढचं आलं,
आणि चाललेलं गेलं.

शिफा काही बोलली नाही.
माझ्या मनगटावर तिनं दोन बोटांनी ठोका धरला,
चाललेल्या गाण्याचा. टक, टक, टक, टक.
मी चाक फिरवलं.
"थोडं मागं पडतंय," ती म्हणाली. "अजून. अजून थोडं. हां."

मी सरकवलं.

काय झालं, कसं झालं, मला अर्धंच ऐकू आलं.
पोरीच्या तोंडावरून उरलेलं कळलं.

तेवढ्यात प्रज्योत नोटा मोजून म्हणाला,
"पाचशे उरल्यात काका. यात धूर येईल का?"