शीव

प्रश्न तिसरा, उपप्रश्न ब.
रोमन साम्राज्य आणि सीमेपलीकडच्या रानटी टोळ्या
यांचे संबंध स्पष्ट करा. दहा गुण.

मे महिना, अमरावती रोडचं मूल्यांकन केंद्र.
कूलरच्या वाळ्याला पाणी पुरत नाही
आणि माझ्यापुढून डॅन्यूब नदी
सकाळपासून चाळीस वेळा वाहून गेली,
चाळीसही वेळा एकाच गाइडातून.
आदर्श उत्तर गुलाबी कागदावर:
व्यापार अडीच, युद्ध अडीच,
सैन्यभरती अडीच, तह अडीच.
रोम पडलं त्याला गुण नाहीत,
तो पुढचा प्रश्न.

मग ही एक पत्रिका. नाव नाही, बारकोड.
निळी शाई, अक्षर उताराला लागलेलं.
हिनं (मुलगीच असावी, का कोण जाणे)
'रानटी' लिहून खोडलंय, वर लिहिलंय 'पलीकडचे'.
पुन्हा रानटी, पुन्हा काट, पुन्हा पलीकडचे.
मी मोजले. अकरा.

ती लिहिते:
नदीकाठी बाजार भरे, पण नेमल्या दिवशी,
आणि शिपाई उभे राहत.
पलीकडचे लोक कातडी आणत, मध आणत,
भाले नाक्यावर ठेवून आत येत.
आमच्याकडं जंगलाच्या नाक्यावर
बाबाची कुऱ्हाड ठेवून घेतात, पावती देत नाहीत.
रोमन देत होते का, हे पुस्तकात नाही.

मी समासात लिहिलं: विषयांतर.

पुढं ती गॉथांवर येते.
हूणांच्या भीतीनं ते नदीवर आले, आत घ्या म्हणाले.
पाणी चढलेलं. पोखरलेल्या ओंडक्यांतून
रात्रंदिवस माणसं उतरत राहिली,
मोजायला बसलेल्या कारकुनांनी मोजणं सोडलं.
मग धान्य आटलं, आटवलं,
आणि अधिकाऱ्यांनी कुत्री धरून आणली.
भाव ठरला: एका कुत्र्याला एक पोर.
सरदारांनीसुद्धा दिली, ती लिहिते.
कुत्रं किती दिवस पुरलं ते लिहिलेलं नाही.

हे गाइडात नाही.
हे तिनं कुठं वाचलं?

व्हरांड्यात पंधरे फोनवर बोलतोय, आईशी, गोंडीत.
मला पाहिलं की आवाज उतरतो,
मराठी होतो: ठेवतो, मॅडम आल्या.
नऊ वर्षं मला वाटायचं, हा भांडतोय कुणाशी तरी.
ग्रीकांना परक्यांचं बोलणं बर-बर ऐकू यायचं
म्हणून ते बार्बर, हे मी दर जुलैत शिकवते.
आपल्या संस्कृतातही बर्बर.
तोच शब्द, तोच कान.

चहा ठेवताना त्याला विचारलं,
पंधरे, तुमच्या भाषेत सीमेला काय म्हणता?
रिकामा ट्रे छातीशी धरून तो उभा राहिला.
"शीवच म्हनतो जी. थो तुमचाच शब्द हाय.
आमच्याकडं नदी राहते, नाहीतं डोंगर राहते.
मायले इचारून सांगतो."

तिकडं बर्डीपलीकडं झिरो माइलचा दगड,
त्याचे चार घोडे उन्हात.
साहेब म्हणे इथून सगळं मोजायचा.
माझं घर त्या दगडापासून सहा किलोमीटर,
पंधरेचं गाव बहात्तर.
गावाकडून कुणी मोजलं असेल
तर ते मला शिकवलं गेलं नाही.

शेवटच्या पानावर अक्षर धावू लागतं.
'अशा प्रकारे रानटी'
आणि तिथं घंटा झाली असणार.
बारावा शब्द तसाच राहिलाय,
न खोडलेला.

परीक्षकानं उत्तरात भर घालू नये, नियम सात.
व्यापार अडीच, तह दोन, भरतीचं नावच नाही.
लाल पेनाचं टोक त्या शब्दावर ठेवून मी बसलेय,
टोकाखाली ठिपका मोठा होत चाललाय.

दारातून पंधरे सांगतो, मॅडम, लागून नाही राहिला.
तिकडं रेंज नदीच्या अलीकडंच संपते,
माय पाण्याले या काठावर येईल
तवा लागंल.