मागाखाली

करंट आला रात्री सव्वादोनला.
बटणावर बोट ठेवलं, वाकून बघितलं
तर मागाखाली दोन हिरवे दिवे.

ये की गे बाहेर, म्हटलं.
च्‌ च्‌ केलं, बॉबिन घरंगळवली.
ताटात सुकट उरली होती चिमूटभर,
तीही सरकवली.
मिशी हलली तेवढी.

पाचाला करंट जाणार,
साडी उद्या शहापुरात पोचायची,
पदर अजून निम्मा
आणि ही बया ताण्याच्या सावलीत
पाय दुमडून,
भाडं भरल्यासारखी.

भिंतीपलीकडची इराक्का उठून आली,
केस बांधत, जांभया देत.
“अय्य, बटणावरचं बोट काढ आधी.
कोण येईल असं?”
मग खाली वाकून, हळू,
“बा. बारव्वा.”

आधी एक पंजा,
मग सगळा दिमाख, अंगभर सुताचा भुगा.
माझ्याकडे न बघता
सुकटीपाशी जाऊन बसली.

तीन वर्षं माझ्या दारचं दूध पिते.
आता धोटा पळतोय खडाखडा,
पलीकडे इराक्का परत झोपली असेल,
आणि मी इथं अजून
हिशेब लावतोय,
बोट काढलं म्हणून आली
का कानडीत बोलावलं म्हणून.

पदरात एक धागा चुकला तेवढ्यात.