हेल्मेटच्या आत

शिट्टी अजून खणात आहे.
आतला मणी सुटा, हलवली की खुळखुळते.
गेल्या वर्षी पिरनवाडीच्या माळावर
चौथ्या वळणाच्या उंचवट्यामागं वैजू पडला
तेव्हा हीच फुंकली होती मी,
गाल दुखेपर्यंत.
नऊ गाड्या आल्या.
ऐकू कुणालाच गेली नाही.
आठांनी चुकवलं.

यंदा पैसे त्यानंच दिले.
कमरेत सळई, काखेत कुबडी,
नोटांची घडी माझ्या खिशात कोंबत म्हणाला,
"मोठं काय तरी घे रे. ढगात वाजल्यासारखं."

ऑटोनगरात इराण्णाच्या दुकानी
भोंगे टांगलेत मांडवावरच्या दुधी भोपळ्यांसारखे.
"एष्टु दूर?" त्यानं विचारलं. किती लांब?
मी म्हणालो, हेल्मेटच्या आत.
तो हसला नाही.
स्टूल ओढून वर चढला.

पहिला गॅसचा डबा, लाल टोपीचा.
दाबला की हातात बर्फ होतो,
आणि आठव्या दाबानंतर
खोकत खोकत विझतो.
मला नववी गाडी आठवली.
दुसरा रबरी फुग्याचा, कॅम्पातल्या पाववाल्याचा असतो तसा;
त्यानं तोंडाला पाणी सुटेल, ब्रेक लागणार नाही.
तिसऱ्यात कुठल्याशा लग्नाची धून भरलेली.
नको म्हटलं, कुणी नाचायला लागेल.
चौथा लॉरीचा जोडकर्णा,
बॅटरी अन् कॉम्प्रेसर एकाच थैलीत, खांद्याला पट्टा,
वजन वर्षाच्या पोराएवढं.
खोक्यावर छापलंय दीडशे डेसिबल.
कुणी मोजले, किती हातांवरून,
ते छापलेलं नाही.
"दुकानात सगळेच मोठे वाटतात री," इराण्णा म्हणाला,
"पहिला अन् चौथा घेऊन जावा. माळावर वाजवून बघा.
नको तो सोमवारी परत आणा."

रविवारी मष्णूमामाला नेलं.
उद्यमबागच्या फौंड्रीत तीस वर्षं कास्टिंग घासली त्यानं,
कान तिथंच राहिले.
त्याच्या टीव्हीवरची भांडणं
अख्ख्या गल्लीला पाठ आहेत.
मला असलाच माणूस पाहिजे होता.
चौथ्या वळणावर त्याला पाठमोरा उभा केला,
डोक्यात हेल्मेट घातलं,
शेजारी दोन गाड्या रेसवर ठेवल्या.
ऐकू आलं तर हात वर कर, मामा.

डबा दाबला.
टिटव्या उठल्या. हात खालीच.
परत दाबला. एक कुत्रं
माझ्याकडं बघून निघून गेलं.
मग जोडकर्णा.
माझे दात हलले,
खानापूरला निघालेली बस रस्त्यात थांबली
आणि ड्रायव्हरनं खाली वाकून स्वतःचंच चाक बघितलं.
तिकडं, धुळीत,
मामाचा हात वर.

वैजू कुबडी उंचावून ओरडला.
गाड्या बंद केल्या. मामा चालत आला,
हेल्मेट काखेत, कपाळावर घामाची रेघ,
आमचे चेहरे बघून जरा ओशाळला.
"ऐकू नाही आलं," म्हणाला.
"मग हात?"
"समोर म्हसरं चरूलती.
एकदम सगळ्यांनी मान वर केली.
म्हटलं, वाजलं असणार."

कुणी काही बोललं नाही.
बस गेली.
वैजूनं कुबडीच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली,
ती पुसली, परत ओढली.

डबा परत केला, जोडकर्णा ठेवून घेतला.
आणि मामासाठी एक केशरी जाकीट आणलं,
पाठीवर मार्शल लिहिलेलं, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये.
पुढच्या रविवारी तो चौथ्या वळणावर असेल,
तोंड लोकांकडं करून, झेंडा हातात.
मी मागून वाजवणार.
म्हसरं त्या दिवशी माळावर नसतील,
चार-पाच हजार माणसं असतील,
उसाचा रस पीत, मोबाईल उंच धरून.
ती मान वर करतात का
एवढंच बघायचं राहिलंय.