सहावं भोक

भेंडी रात्रीतून वाढते, कुणाला न विचारता.
संध्याकाळी करंगळी, पहाटे मधलं बोट,
आणि एक तोडा चुकला
की वाशीची गाडी भरणारा दोन बोटांनी मोडून बघतो,
म्हणतो, जून झाली.

चुकला तो दिवस असा:
थ्री-फेज आली रात्री दोनला,
पाणी धरायला मी.
सासूची मुरबाडच्या दवाखान्यात तारीख,
न्यायला मी.
बाळारामचा भिवंडीहून फोन, गोडाउनात डबल पाळी.
दुपारी देवळात शेतीची मीटिंग,
सतरंजीवर सगळे बाप्ये.
दाराशी उभी राहून ऐकलं,
"केवडा दिसला रे दिसला, की लगेच..."
तेवढ्यात कडेवरचं पोर रडलं.
लगेच काय, ते मी अजून शोधतेय
पिवळ्या पडलेल्या पानांत.

सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव.
ते जाऊन नऊ वर्षं झाली,
कागदावर अजून शेत कसतात बिचारे.

सर्व्हेला पोरगी आली होती, चष्म्यावर धूळ.
उत्पन्न कमी का, म्हणाली.
चौकोन चार: बियाणं, खत, पाणी, इतर.
मी म्हटलं, इतर.
ती थांबली. सांगा, म्हणाली.
सांगायला लागले, तर तिची ओळ संपली,
मग तिने मार्जिनमध्ये उभं लिहिलं,
मग पेन झटकलं.

तिला पंपाचं सांगायचं राहिलं.
सोळा लिटरचा. पट्ट्याला भोकं पाच.
पाचव्यातसुद्धा तो ढुंगणावर आपटतो,
औषध पाठीवरून ओघळतं,
नळी हलते, अर्धी झाडं कोरडी राहतात.
दुकानदार म्हणाला, ताई, साइज एकच येते.

काल चुलीत खिळा तापवला.
चिमट्यात धरून पट्ट्यात दाबला.
जळक्या प्लॅस्टिकचा वास माजघरापर्यंत गेला,
सासू खोकत म्हणाली, काय गं जाळतेस?
भोक पाडतेय, म्हटलं.
ती काही बोलली नाही,
दिवा तेवढा जवळ सरकवला.

आज पंप पाठीला चिकटून बसला.
दोन ओळी संपल्या तेव्हा कळलं,
आपण एका हाताने पट्टा धरलेला नाही.

रविवारी बाळाराम येईल,
न बघता चढवेल, बगलेत अडकेल,
ओरडेल, कुणी आवळला हा?
मी तेव्हा तोड्यात असेन,
हातात जुने मोजे, खाज कोपरापर्यंत.
सांगेन, तुझा तू तिसऱ्यात घे.
आणि उतरवलास
की परत सहाव्यात लावून ठेव.