दहा हजार फुटांवर

ती आली तीच वीजबिलाच्या पाठीवर बेरीज घेऊन.
फ्रीज सहाशे. धूर ओढणारा पंखा साडेतीनशे.
पाण्याचा पंप अडीचशे, दिवे ऐंशी,
कॉफीचा हंडा पंधराशे.
खाली दोन रेघा, रेघांखाली
सत्तावीसशे ऐंशी वॅट,
शाळकरी चौकटीत.

मी म्हटलं, बेरीज बरोबर आहे, व्हर्लीनबाई,
पण फ्रीज काही बेरीज वाचत नाही.
सुरू होताना तो तिप्पट मागतो.
एक-दोन सेकंदच,
पण तेवढ्यात घर डोक्यावर घेतो,
मग मिळालं की गप्प.

आणि दुसरं म्हणजे, हे लेडव्हिल.
पाटीवर सात हजार लिहिलेलं यंत्र
इथं चढून येईपर्यंत साडेचार हजारांचं होतं.
सगळी सोंगं आणता येतात,
हवेचं येत नाही.

मला सांगू नका, ती म्हणाली.
पोर्ट आर्थरहून आले, समुद्राच्या पातळीवरची बाई,
तर टपाल कचेरीच्या तिसऱ्या पायरीवर बसकण मारली.
लोक वळसा घालून जात होते.
दोघांनी टोपी काढली,
त्यांना वाटलं, कुणीतरी गेलंय माझं.

दुकानात दोनच होते तिच्या कामाचे.
लाल : नऊशे डॉलर, ताकद भरपूर,
आवाज उखळात खडी कुटल्यासारखा.
करडा : एकवीसशे, इथल्या हवेत जेमतेम तीन हजार वॅट,
आवाज म्हणजे शेजारच्या खोलीत
कुणीतरी परकर शिवतंय.
तिची बेरीज बसत होती ती लालमध्येच.
मी तसं सांगितलंही.

दोन्ही बाहेर काढा, ती म्हणाली.
अंगणात तिचा ट्रेलर उभा होता, पूर्वी घोड्यांचा.
आतल्या एका फळीवर दातांच्या खुणा,
त्या तिनं रंगवल्या नव्हत्या.
आत चढली, खिडकी वर केली,
लाल चालू करायला लावला
आणि मला म्हणाली, मागवा काहीतरी.

एक वाडगा गंबो, मी ओरडलो.
ओरडू नका. खाणीतली रात्रपाळी सुटलीय,
मागं तुमचे दोन सोबती उभे आहेत,
आणि तुम्हाला म्हणायचंय,
शुक्रवारी देईन.
आता कसं म्हणाल?

म्हटलं तसं.
ती माझ्या ओठांकडे बघत राहिली,
मग मान हलवली. नाही.

लाल बंद केला. कानात तो अजून थोडा वेळ चालूच होता.
मग करडा.
शुक्रवारी देईन, मी खाली बघत म्हटलं.
चालेल, ती म्हणाली,
भेंडी जास्त घालू का?
साठ वर्षांचा माणूस मी, कुणाचा पैचा देणेकरी नाही,
तरी खांद्यावरून काहीतरी उतरलं.

पेन्सिल मागितली. कॉफीच्या हंड्यावर आडवी रेघ ओढली.
गॅसवर करीन.
फार तर दहा मिनिटं आधी उठेन.
नवी बेरीज तिनं चौकटीत घातली नाही.

मग गल्ल्यावर नोटा. वीसच्या, पाचच्या,
रबर लावलेला एक गठ्ठा, त्यातल्या एकीवर तिखटाचा डाग.
एकोणीसशे चाळीस.
दोनदा मोजल्या तरी एकोणीसशे चाळीसच.
दाराबाहेर करडा चालूच होता.
ती माझ्याकडे न बघता
वायरच्या गुंडाळीकडे बघत काहीतरी म्हणाली.

ऐकू आलं.

इथल्या उंचीचं जेट बसवून देतो, मी म्हटलं,
त्याचे वेगळे पैसे नाहीत.
पहिल्या वीस तासांनी तेल बदला.
धुराचं तोंड खिडकीच्या उलट बाजूला,
थंडी कितीही असो.
आणि जाड साखळी घाला त्याला.
लालवाल्याचा जनरेटर चोरीला गेला
तर शांततेनं अख्खी गल्ली जागी होते.
हा गेला,
तर गेलेलाही ऐकू येणार नाही.