वई

मंगळवारी साडेनऊला
मी मेविस प्रॉसरबाईंच्या पायाची पट्टी बदलायला जाते.
हेरफर्डशर संपता संपता, वेल्स लागायच्या जरा अलीकडे,
जिथं फोनची रेंज एका फाटकापाशी येते
आणि त्याच फाटकापाशी जाते.

आज दार उघडं, किटली गरम, बाई नाहीत.
टेबलावर अर्धा टोस्ट, चष्म्याचं रिकामं घर.
अशा वेळी कुठं बघायचं
ते आम्हा नर्सांना शिकवलेलं असतं.
न्हाणीघर पाहिलं, जिना पाहिला, जिन्याचा तळ पाहिला.
मग बाहेरून कोयत्याचा आवाज आला.

कोयताच तो. त्या वेगळं काही म्हणतात,
तसं त्या कुंपणालाही वेगळं काही म्हणतात.
मी गुहागरची. मी मनात वई म्हणते.

फेब्रुवारीतल्या चिखलात, उताराच्या शेतात,
शहाऐंशी वर्षांच्या बाई वई घालत होत्या.
तार नाही, खिळा नाही. काटेरी झाड
बुंध्याशी तिरपं कापायचं, जवळजवळ आरपार,
सालीची जिभेएवढी पट्टी तेवढी ठेवायची
आणि अख्खं झाड आडवं निजवायचं, चढाच्या बाजूला.
"उताराकडं नको. रस वर जातो,"
माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पट्टी.
त्या म्हणाल्या, एवढं एक.
एवढं एक झालं. मग त्याच्या शेजारचं एवढं एक.

माझ्या फॉर्मवर 'हालचाल' या शब्दापुढं तीन चौकोन आहेत:
अंथरुणात, आधारानं, स्वतंत्र.
बाई मेखेला धरून धापा टाकत होत्या, शिव्या घालत होत्या,
मग पुन्हा वाकत होत्या.
कुठला चौकोन?

ग्लिन होता तेव्हा दोघांची दिवसाला वीस यार्ड व्हायची.
आता तीन. परवा पाऊस, तर दीड.
पुतण्या म्हणतो, ट्रॅक्टरला पातं लावून
अर्ध्या तासात भादरून देतो.
"भादरतो की. वरून.
बुडाशी भगदाडं राहतात, आणि मेंढी काय वरून जाते?"

माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी बँकेतून सुटले.
हार, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
आम्ही सगळेच म्हणालो, आता आराम करा.
गुणी माणूस, ऐकलं त्यांनी.
बाजारातून येताना त्यांच्या हातातली पिशवीसुद्धा
आम्ही काढून घ्यायचो. प्रेमानंच.
पुढं पुढं ते बाजारात यायचे थांबले,
खुर्चीच्या वेताला त्यांचा आकार आला.
मी हे बाईंना सांगितलं नाही. विचारलंही नव्हतं त्यांनी.

"उभी काय राहिलीस, धर."
मी धरलं. वाकवताना खोड असं करकरलं
की माझं काळीज हललं. तुटलं वाटलं.
त्यांनी बोटानं ती सालीची पट्टी दाखवली,
ओली, हिरवट, आणि पुढं सरकल्या.
"आता वीस वर्षं बघायला नको."
मी मनात बेरीज केली आणि तोंड मिटून ठेवलं.
त्यांनीही केली असावी,
नाकातून हसल्या.

काटा माझ्या अंगठ्यात शिरून मोडला तो तेव्हाच.
स्वयंपाकघरात आलो,
आधी माझा अंगठा, मग त्यांचा पाय.
मी माझी निर्जंतुक पाकिटं काढेपर्यंत
त्यांनी सुई गॅसवर धरलीसुद्धा.
कपाच्या कानाशी थरथरणारे हात.
सुईशी नाही थरथरले.
काटा निघाला तो त्यांनी खिडकीत ठेवला,
तिथं आधीचे बरेच होते.

पायाची जखम गेल्या वेळेपेक्षा बरी.
चिखल धुताना दहा मिनिटं गेली.
मी तोंड उघडणार, निदान आठवडाभर तरी, असं काही,
तर त्या मोजा चढवत म्हणाल्या,
"पुढच्या मंगळवारी जाड हातमोजे आण.
आणि साडेआठला ये.
मार्च लागला की पाखरं घरटी धरतात,
मग हात लावता येत नाही."