प्लस दहा, डावा

दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात
न नेलेल्या चष्म्यांचा एक खण आहे.
वडील कुणाचाच चष्मा मोडीत काढत नसत.
"माणूस विसरतो, नंबर विसरत नाही," म्हणायचे,
आणि पाकिटावर पेन्सिलीनं तारीख घालायचे.

अंबूताई फणसे. मोतीबिंदूनंतरचा. प्लस दहा.
आगाऊ चाळीस, बाकी बारा रुपये.
सन सत्त्याऐंशी.
बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा.
त्यातली डावी मी यंदा सोडवली
आणि फोनच्या डोळ्यावर बसवली
कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावून.

बाकी सामान एवढंच:
फरसाणाच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी बाजू, ऊन वळवायला.
नंबर तपासताना एक डोळा झाकतो ती काळी चकती,
फुलामागे धरायला.
लोकरीच्या सुईला बांधलेला कपड्यांचा चिमटा,
कारण वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

प्लस दहा म्हणजे दहा सेंटिमीटर.
हे गणित मला लहानपणापासून पाठ,
गुडघ्यांना मात्र आत्ता शिकवतोय.
साडेदहावर एकदांडीचं फूल नुसता पिवळा धूर,
साडेनऊवर पुन्हा धूर,
मध्ये कुठंतरी केसाएवढ्या जागेत
पाच पांढऱ्या पाकळ्या,
प्रत्येकीच्या टोकाला तीन दात,
आणि मधल्या पिवळ्यात आणखी कितीतरी फुलं,
एकेकाचं तोंड वेगळं उघडलेलं.
श्वास सोडला की गेलं.

कमाटीबागेचा रखवालदार दोनदा येऊन गेला.
"काका, फूल तो पेली बाजु छे,"
काठी गुलाबांच्या वाफ्याकडे.
त्याचं काय चुकलं?
मी पालथा, नाक फरशीच्या फटीत,
पँटीला कुसळं,
आणि समोर काहीच नाही.
तिसऱ्यांदा आला तेव्हा फोन त्याच्याच हातात दिला.
बराच वेळ बोलला नाही.
मग काठी बगलेत धरून, खाली वाकून,
"आ अहीं हतुं?"

ऑपरेशननंतर पेशंट वडिलांना सांगायचे,
पायरी अंगावर येते, खांब वाकतात,
बाजूनं माणूस एकदम उगवतं.
आणि मग आवाज जरा खाली आणून,
चोरी कबूल केल्यासारखं,
"निळं फार निळं दिसतंय हो."
वडील मान हलवायचे, काच पुसायचे.
अंबूताईंनी यातलं काही पाहिलं नाही.
का, ते पाकिटावर लिहिलेलं नाही.

केना उन्हं चढली की मिटतो.
दुकान साडेदहाला उघडायचं असतं.
काल विश्वामित्रीच्या पुलाजवळ,
मगरींच्या पाटीच्या अलीकडे,
ओल्या उतारावर एक सापडला.
दोन निळ्या पाकळ्या,
तिसरी असून नसल्यासारखी.
पाकीट दातांत धरलं, चकती गुडघ्यांत.
काचेच्या कडेला सगळं वितळत होतं,
गवत वाकत होतं, पुलाचा खांब वाकत होता,
ते सांगायचे अगदी तसा,
आणि मधोमध थेंबभर जागा लख्ख.
तिथं निळं
फार निळं होतं.

दुकान अकरा दहाला उघडलं.
नेने मास्तर पायरीवर बसलेले,
एका काडीचा चष्मा हातात, रागावलेले.
त्यांना पाणी दिलं,
आणि आत जाऊन फोटो छापला.
उजवी काच अजून घरातच आहे,
चष्म्याच्या घरात, विटक्या मखमलीवर.
फोटो तिच्यासमोर घडी न करता ठेवला.
मग पाकिटावरच्या 'बाकी बारा'वर पेन्सिल टेकवली.
खोडायचे की वाढवायचे, कळेना.
मास्तर बाहेरून म्हणाले,
"अहो, दिसत नाहीये मला काही."